दाजींचं नाव आणि बाबलीचा हात

॥ श्री ॥

मिठबाव, ता. देवगड
२० सप्टेंबर १९८७

तीर्थरूप भाई यांच्या सेवेशी,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे दत्तारामाचा, गुडघ्याला माती लागेपर्यंत वाकून नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला मी धाडलेल्या तेलाने उतार पडला असेल अशी आशा आहे. (नसेल पडला तर बाटली परत धाडावी, इथे गिऱ्हाईक आहे.) आम्ही सर्व सुखरूप आहोत. गाय व्याली. माडांना बरा नारळ आहे. सुशीला बरी आहे, जरा अबोल झाली आहे एवढंच. पण बायकोचं न बोलणं हा आजार धरावा की औषध, यावर इथे दोन मतं आहेत. तुमचा धाकटा भाऊ बाबली हाही मजेत आहे, फक्त त्याचा उजवा हात मजेत नाही. दसरा झाला की एस.टी.चे डॉक्टर त्याला तपासणार आहेत. हाताने चाक फिरलं तर बाबली ड्रायव्हर राहणार, नाही फिरलं तर डेपोच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभा राहणार. तुम्ही लगेच काळजीत पडाल म्हणून आधीच सांगतो, की यात माझा काडीचाही दोष नाही. कसा नाही ते सांगायलाच हा पत्रप्रपंच.

तुम्ही मागच्या वर्षी लिहिलंत की मुंबईत एका व्हिडिओ गेमच्या दुकानाने मोटारशर्यतीचं जुनं मशीन विकायला काढलंय, ते मिठबावला धाडतो, तुमच्या हॉटेलात एका कोपऱ्यात ठेवा, लोक रुपया टाकतील, गाडी पळवतील, तुम्ही गल्ल्यावर बसून नुसती घंटी ऐका. बसून मिळणाऱ्या पैशाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. पण ते मशीन आलं कसं ते तुम्हांला ठाऊक नाही. ट्रकवाल्याने ते खारेपाटणला उतरवलं, कारण त्याला पुढचा रस्ता पसंत पडला नाही. तिथे ते वखारीबाहेर आठवडाभर उघड्यावर होतं. खुर्ची, पुढे पेटी आणि पायाशी दांडा बघून लोकांना वाटलं की दाताचा डॉक्टर येतोय. दोन म्हाताऱ्या गालाला फडकं बांधून खुर्चीत बसूनही गेल्या. (एकीची दाढ थांबली म्हणतात. देव कुठून पावेल सांगता येत नाही.) शेवटी मीच बैलगाडी, टेम्पो आणि पुन्हा बैलगाडी करून ते घरी आणलं, नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि वीज जोडली. मशीनने डोळे उघडले, मोटारीचा आवाज केला, आणि गावातली वीज गेली. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

पहिले दोन महिने त्या मशीनवर फक्त मांजर बसायचं. मग तुमचं कार्ड आलं, की स्पर्धा ठेवा, बक्षीस लावा, बक्षिसाशिवाय माणूस हलत नाही. मी नारळी पुनवेचा दिवस धरला. एकशे एक रुपये रोख, शाल आणि श्रीफळ. बाहेर फळा लावला आणि (हे तुम्ही चार लोकांत सांगा) त्या फळ्यावर खेळाडूंच्या प्रकृतीचाही विचार केला. मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘खेळाडूंनी जिवाला जपून खेळावे. सुटे पैसे आणावेत.’ खुर्चीवर काथ्याची गादी घातली. मनगट दुखलं तर चोळायला खोबरेल तेल ठेवलं. डोळे चुरचुरले तर कोकम सरबत. तेल आणि सरबत यांचे पैसे वेगळे घेतले हे खरं, पण फुकट मिळालेलं औषध अंगाला लागत नाही, हे आपल्या आजीचंच म्हणणं. इतकी काळजी मुंबईत कोण करतं?

आता बाबली. तुम्हांला वाटेल की स्पर्धेत पहिला तोच येणार, कारण गावात चाक धरणारा दुसरा आहेच कोण? संध्याकाळी वस्तीची गाडी घेऊन येतो, आमच्याकडे जेवतो, झोपतो आणि पहाटे गाडी घेऊन जातो. मलाही तसंच वाटलं. पण बाबली बसला तो एस.टी.च्या ड्रायव्हरसारखा बसला. वळण आलं की वेग कमी. समोरून गाडी आली की बाजूला घेऊन थांबला. हॉर्न शोधत राहिला. हॉर्नच नाही म्हटल्यावर उतरूनच गेला, ‘होरन नाय ती गाडी कसली रे?’ वर त्या मशीनचा गियर उजव्या हाताला (विलायतेत सगळं उलटच), त्यामुळे गियरची सवय असलेला डावा हात मांडीवर गप्प आणि उजव्याला एकट्याला चाकही आणि गियरही. त्याच्यामागून पतपेढीतला सदानंद कॅशियर बसला. हा माणूस आयुष्यात सायकलवर बसलेला नाही, होडीत बसला तरी ओकतो. त्याने डोळे मिटून पायाखालचा दांडा दाबला आणि बाबलीच्या चौपट गुण काढले. मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी वस्तीच्या गाडीत चढताना लोक बोलू लागले, की आज कॅशियरला चालवूक सांगा, वेळेत पोचू. त्या दिवशी जेवताना मी बाबलीचं तोंड बघितलं. माणसाची अब्रू म्हणजे त्याचं काम हो. त्याचं हसू झालं की घास उतरत नाही.

तेव्हापासून तो सरावाला लागला. गाडी उभी केली की अंगावरचा खाकी सदराही न काढता मशीनवर. मी त्याला परोपरीने सांगितलं, बाबली, जरा दम घे, सरबत घे. (घ्यायचा.) हळूहळू त्याला जमू लागलं. पण जेवायला बसला की ताट दोन्ही हातांनी धरून वळवायचा, आणि आमटी वाढताना सुशीलेने वाटी पुढे केली की उजवा पाय पाटावर दाबायचा. सुशीला म्हणाली, ह्या बरा नाय. मी म्हटलं, अगो, खेळाडू असेच असतात. तिने माझ्याकडे बघितलं आणि वाटी ठेवली. अबोला धरला तो तेव्हापासून, असं आता हिशोब लावल्यावर वाटतं.

नारळी पुनव आली. दर्यावर नारळ सोडून सगळा गाव आमच्या दारात. आणि मी नाव पुकारणार एवढ्यात दाजी उठले. दाजी म्हणजे आपले मोठे मानकरी, तुम्हांला आठवत असतील, होळीला पहिली काठी त्यांची, पालखीला पहिला खांदा त्यांचा, जत्रेतला पहिला नारळ त्यांचा. ते म्हणाले, गावात नवीन कार्य होताहा आणि मान कोणाचो? आता भाई, शर्यतीत मान असतो हे तुम्ही कार्डात कुठे लिहिलं होतंत? पण गाव तो गाव. दाजींना हात धरून खुर्चीवर बसवलं, मांडीवर नारळ, काखेत छत्री. गाऱ्हाणं घालणारे बाबाही आले होते, त्यांनी तिथेच हात जोडून सुरू केलं, ‘बा देवा म्हाराजा, आज ह्या तुजा लेकरू मुंबयच्या पेटयेत गाडी घेवन बसला हा, तेका राखण दी, काय वाकडा-नाकडा असात तर ता दूर कर रे म्हाराजा!’ सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’ मी रुपया टाकला. गाडीने आवाज केला. दाजी ढिम्म.

मी म्हटलं, दाजीनू, दांडा दाबा. दाजी म्हणाले, ‘मानाची गाडी खंय धावता काय रे?’ बरोबरच होतं त्यांचं. पालखी कधी पळते का? मशीनमधल्या बाकीच्या गाड्या सुंसुं करत निघून गेल्या, दाजींची गाडी सुरुवातीच्या रेघेवर थाटात उभी, वेळ संपली, गुण शून्य. टाळ्या पडल्या. दाजी उतरून खुर्ची टाकून पुढ्यातच बसले, बाकीचे कसे खेळतात ते बघायला. आणि खरा घोटाळा पुढेच झाला, कारण आता दाजींच्या पुढे जायचं कोणी? पहिला आला त्याने दाजींकडे बघितलं आणि दांड्यावरून पाय काढून घेतला. शून्य. दुसरा नुसता नमस्कार करून उतरला. सदानंद कॅशियरचा चेहरा कर्जाचा अर्ज बघताना होतो तसा झाला, पण त्यालाही याच गावात राहायचंय, त्यानेही शून्य काढलं. एकूण एक खेळाडू रुपया टाकून रेघेवर उभे राहिले आणि उतरले. असली शर्यत जगात झाली नसेल. तब्येतीला मात्र फार चांगली. कोणाच्या डोळ्याला त्रास नाही, मनगटाला नाही, आणि गल्ल्यात घंटी वाजतेय. मला तर वाटलं हीच पद्धत ठेवावी.

शेवटी बाबलीचं नाव आलं. तो उठला आणि खुर्चीवर न बसता दाजींपुढे जाऊन उभा राहिला. इतक्या दिवसांचा सराव, सगळ्या गावाने केलेली टिंगल, आणि आता त्यानेही शून्यावर उभं राहायचं? त्याचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, ‘दाजीनू, तुमच्या नावान सोडू काय?’ दाजींनी बराच विचार केला, मांडीवरचा नारळ उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, ‘सोड. पण माका फुडे ठेव.’

काय चालवली भाई त्याने! मी जन्मात असं बघितलं नाही. वळणं, पूल, बोगदे, पुढच्या गाड्या अशा मागे पडत होत्या की विचारू नका. माणसं खिडकीतून लोंबकळत होती, दाजी स्वतः खुर्चीवर उभे राहून छत्री हलवत होते, तीच मानाची गाडी आता धावली तरी चालत होती. यंत्राने आजपर्यंत दाखवला नव्हता इतका आकडा दाखवला आणि नाव मागितलं. बाबलीने दाजींच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं घातली, सगळ्यांत वर. मग मी पाकीट दाजींना दिलं, शाल दाजींना घातली. नारळ बाबलीकडे होताच. बाबलीला वाईट वाटलं असेल असं तुम्ही म्हणाल, पण तसं नाही. पुढच्या दिवशी वस्तीच्या गाडीत चढताना लोक त्याला हात जोडत होते. त्याला तेवढंच हवं होतं.

इथे गोष्ट संपली असती, पण वीज आहे ना. रात्री वीज गेली, सकाळी आली, आणि मशीनवरचं नाव पुसलेलं. यंत्राला तेवढीच आठवण. दाजी सकाळी पाहुण्यांना घेऊन आपलं नाव दाखवायला आले आणि पडद्यावर काहीच नाही. ‘माजा नाव खंय गेला?’ आता कसं सांगायचं की वीज गेली की मान जातो? मानाची जागा रिकामी ठेवली तर गावावर काय येईल याची चर्चा सुरू झाली. एकाचं जाळं फाटलं, एकाची म्हैस आटली, सगळं त्यावर गेलं. म्हणून ठरलं, की ज्याने नाव चढवलं त्यानेच परत चढवायचं. संध्याकाळी बाबली आला, बसला, तेवढाच आकडा काढला आणि नाव चढवलं. दाजींनी त्याला नारळ दिला. दुसऱ्या दिवशी वीज गेली.

भाई, पावसाळ्यातली इथली वीज तुम्हांला ठाऊक आहे. कावळा तारेवर बसला तरी जाते. गौरीगणपतीपर्यंत बाबली रोज संध्याकाळी दाजींना वर चढवत होता आणि वीज त्यांना खाली उतरवत होती. लोक ते बघायला येत, बघता बघता स्वतः रुपया टाकत, चहा घेत. धंदा असा चालला की मला बसायला वेळ नव्हता. दाजींचा मान राहिला, माझा गल्ला भरला, बाबलीकडे नारळांचा ढीग झाला. (ते सुशीला स्वयंपाकात वापरते, तेव्हा सगळ्यांचंच भलं झालं.) मग एके संध्याकाळी बाबली गाडीतून उतरताना उजव्या हाताने दाराचा दांडा धरायला गेला आणि हात सुटला. मनगट सुजून भोपळा. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि सांगितलं, चाक बंद, दोन्हीकडचं. एस.टी.तून रजा मिळाली, बिनपगारी. मी त्याला धीर दिला, की नुसता आखडलाय, खोबरेल चोळ, होईल. बाटलीसुद्धा फुकट दिली. पण एस.टी.च्या डॉक्टरचं नाव काढलं की पोरगं पट्टीकडे बघत बसतं.

आणि आता मुख्य संकट. गौरी पोचवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बघतो तर मशीनचं चाक नाही! मध्यभागचा बोल्ट पान्याने सोडवून कोणी चाकच नेलं. आत कोणी शिरलेलं नाही, कडी तशीच. मला पहिला संशय सदानंद कॅशियरचा, मत्सर वाईट. गौरीचा प्रसाद द्यायच्या निमित्ताने मी त्याच्या घरात पलंगाखाली वाकून आलो. नाही. सुशीलेने मात्र मनापासून मदत केली. स्वतः बॅटरी धरून मला माळ्यावर चढवलं, विहिरीत बघायला लावलं, रोज भात वाढताना विचारते, सापडलं का हो? शेवटी देवळात देवाला फुलाचे कळे चिकटवून कौल लावला. चाक गावाबाहेर गेलं काय? देवाने डावा कळा पाडला, म्हणजे नाही. वैऱ्याने नेलं काय? डावा. सुखरूप आहे काय? लगेच उजवा. मग विचारलं, परत मिळेल काय, तर कळा हलेचना. गुरव म्हणाला, देव इचार करताहा. तेव्हापासून मी वाट बघतोय. मशीनवर परत मांजर बसतं. दाजी रोज येतात, अंधाऱ्या पडद्याकडे बघतात आणि चहा न घेता जातात.

असो. मी हे कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. पैसा येतो आणि जातो. खेळाडू सुखी तर खेळ सुखी, हे माझं पहिल्यापासूनचं मत फळ्यावर लिहिलेलं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
दत्ताराम

ता. क. मुंबईत तसल्या मशीनचं जुनं चाक कुठे मिळालं तर पहिल्या ट्रकने धाडावं. खारेपाटणला उतरवू नये असं मोठ्या अक्षरात लिहावं.

ता. क. दिवाळीला दुसरी स्पर्धा जाहीर करून ठेवली आहे. तेव्हा बाबलीला तुम्ही थोरल्या भावाच्या नात्याने दोन ओळी लिहाव्यात, की हात दुखतो म्हणून घरात बसू नये, व्यायामाने सांधे मोकळे होतात. माझं नाव त्यात नको. डाव्या हातानेही जमेल का, ते सहज विचारावं.

ता. क. वीज गेली तरी नाव पुसणार नाही अशी काही बॅटरी निघाली आहे काय? म्हणजे बाबलीला तेवढाच आराम. पाहा, मला त्याचीच काळजी.

—

भाई, ह्यां मी लिवतंय, सुशीला. पत्र चिकटवूक माज्याकडे दिल्यानी.

चाक तांदळाच्या पिंपात आसा. मीच काढलंय, बाबल्याच्या पान्यान. तवसून ह्ये त्याच पिंपातलो भात जेवतत आणि चोर शोधतत. देवाक ठावक होता, पण तो माज्या बाजूक ऱ्हवलो.

बाबल्याचो हात आखडलो नाय भाई, हातात जोरच नाय. काल तेका बांगड्याचो काटो काढूक जमलो नाय. मी काढून दिलंय, ल्हानपणी देय होतंय तसो. खाली मान घालून खाल्ल्यान आणि इचारल्यान, ‘बाय, दसऱ्यापर्यंत हात बरो होतलो मां?’ डाक्टर म्हणतत, चाकाक हात लावलो नाय तरच होतलो. मी तेका होय म्हणून सांगलंय. आता माका खोटी पाडू नको.

नवीन चाक धाडू नको. बाबल्याक तसला पत्र लिवू नको. रिकामो टेम्पो धाड आणि ह्या धूड हयसून घेवन जा.

बेगीन धाड. तांदूळ संपत इलेत, चाकाची कड दिसाक लागली हा.